रिकामा रकाना खोट्या हिरव्याने भरू नकोस

पत्र: "ताई, मी पुण्यात एका मेडिकल डिव्हाइस कंपनीत टेस्टर आहे, अडीच वर्षं झाली. शिरेतून औषध सोडणारा इन्फ्युजन पंप हे आमचं प्रॉडक्ट, त्याच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग मी करते. तीन आठवड्यांनी ऑडिट आहे आणि ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स, म्हणजे कुठली रिक्वायरमेंट (पंपाने काय केलं पाहिजे ते सांगणारी ओळ) कुठल्या टेस्टने तपासली जाते ते जोडून दाखवणारी शीट, भरायचं काम माझ्याकडे आलंय. ४१२ रिक्वायरमेंट्स, बाराशेच्या वर टेस्ट केसेस. जोडत गेले तर ३७ रिक्वायरमेंट्सना एकही टेस्ट सापडली नाही. उलट नव्वदेक टेस्ट अशा निघाल्या, की त्या कशासाठी लिहिल्या ते कुणालाच सांगता येत नाही. टीमचे लीड म्हणतात, 'जवळपासची कुठली तरी टेस्ट टाक, एकही रकाना रिकामा दिसता कामा नये.' माझी आई जिल्हा रुग्णालयात सिस्टर आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, 'आम्ही असे चार्ट भरले तर आमची नोकरी जाईल.' मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे रकाने भरू का? आणि हे काम टेस्टरचं आहे की कारकुनाचं?"

उत्तर:

आईचं ऐक. ते ३७ रकाने भरू नकोस.

सिस्टर चार्टवर 'रात्री दोन वाजता बीपी पाहिलं' असं लिहिते, तेव्हा त्या आकड्यावर विसंबून सकाळचे डॉक्टर औषधाचा डोस ठरवतात. बीपी पाहिलंच नसेल तर रकाना रिकामा राहणं हे तिच्यासाठी अडचणीचं असेल, पण रोग्याच्या दृष्टीने तेच सुरक्षित. रिकामा रकाना पाहून कुणीतरी उठून बीपी पाहतं. भरलेला पाहून कुणी उठत नाही. तुझ्या शीटमधल्या हिरव्या, म्हणजे टेस्ट जोडलेल्या, रकान्याचंही तेच आहे. तो एकदा हिरवा झाला की त्या रिक्वायरमेंटकडे पुढची चार-पाच वर्षं कुणी फिरकणार नाही.

सातबारा तू पाहिला असशील. त्यावर नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. तो धरून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उघडली की हे नाव इथं कसं आलं ते कळतं. वारसाने आलं, खरेदीने आलं, की वाटणीने. मॅट्रिक्समधला एकेक दुवा हा असा फेरफाराचा नंबर आहे. ही टेस्ट का आहे, हे मागे जाऊन कळावं आणि या रिक्वायरमेंटचं पुढे काय झालं तेही कळावं, अशा दोन्ही बाजूंनी चालणारी वाट. पण खेड्यात वाढलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट माहीत असते. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि शेतात नांगर दुसऱ्याचा, असंही असतं. कागद नीट लागलेला असतो, वहिवाट वेगळी असते. तुझे लीड तुला नेमकं हेच करायला सांगताहेत.

तेव्हा प्रत्येक दुव्यापाशी थांबून एकच प्रश्न विचार: ही रिक्वायरमेंट उद्या कुणी मोडली, तर ही टेस्ट फेल होईल का?

समज, तुझ्याकडे अशी ओळ आहे: 'नळीत हवेचा बुडबुडा आढळल्यास पंप थांबला पाहिजे आणि अलार्म वाजला पाहिजे.' समोर एक टेस्ट लावलेली आहे, जी मेनूमधून अलार्मचा स्क्रीन उघडते, तिथं 'एअर इन लाइन' असे शब्द दिसतात का ते पाहते आणि पास होते. नावं जुळतात, विषय जुळतो, शोधायला गेलं तर हीच टेस्ट पहिली सापडते. आता कल्पना कर की कुणी डेव्हलपरने चुकून पंप थांबवणारी ओळ काढून टाकली. अलार्मचा स्क्रीन उघडेल, शब्द दिसतील, टेस्ट पास होईल आणि पंप बुडबुड्यासकट औषध ढकलत राहील. हा दुवा खोटा आहे. तो कुणी मुद्दाम खोटा लावला नसेल, घाईत लागला असेल. रोग्याला दोन्हींत काही फरक पडत नाही.

त्याच ओळीतला 'आणि' हा शब्दही बघ. तिथं एक नाही, तीन गोष्टी आहेत: बुडबुडा ओळखणं, पंप थांबणं, अलार्म वाजणं. माझा अनुभव असा, की मॅट्रिक्स जिथं फसवते त्यातल्या निम्म्या जागी मूळ वाक्यात 'आणि', 'किंवा', 'तसेच' असतं. एका तुकड्याची टेस्ट असते आणि सगळं वाक्य हिरवं होतं. अशा ओळी फोडून प्रत्येक तुकड्याला स्वतःचा नंबर दे. ४१२ चे ४८० झाले तर होऊ देत. आणि किती मोठा बुडबुडा, किती सेकंदात थांबायचं हे लिहिलेलंच नसेल, तर ती टेस्टची उणीव नव्हे, रिक्वायरमेंटची आहे. तसं शेरा म्हणून लिही आणि ज्यांनी ती लिहिली त्यांच्याकडे परत पाठव.

आता एक घडलेली गोष्ट सांगते, कारण 'कागदाला एवढं काय महत्त्व' असं तुला कुणीतरी म्हणणारच आहे.

३ डिसेंबर १९९९ रोजी नासाचं मार्स पोलर लँडर मंगळाच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरायला निघालं आणि त्यानंतर त्याच्याकडून काहीच ऐकू आलं नाही. उतरतानाच्या काळात ते माहिती पाठवत नव्हतं, त्यामुळे काय झालं ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या चौकशी मंडळाने मार्च २००० मध्ये अहवाल दिला आणि त्यात सर्वांत संभाव्य म्हणून जे कारण मांडलं, ते आपल्या धंद्यातलं आहे.

यानाला तीन पाय होते आणि प्रत्येक पायाला, जमिनीला टेकल्याचं सांगणारा सेन्सर. सेन्सरने 'टेकलो' म्हटलं की इंजिनं बंद व्हायची. पाय मात्र बरेच वर, जमीन सुमारे दीड किलोमीटर दूर असतानाच उघडायचे, आणि उघडताना बसणाऱ्या झटक्याने सेन्सर क्षणभर 'टेकलो' असं खोटंच सांगू शकत होता. म्हणूनच सिस्टिमच्या रिक्वायरमेंटमध्ये लिहिलेलं होतं की सेन्सर सतत वाचत राहायचं, पण जमीन अगदी जवळ येईपर्यंत ती माहिती वापरायची नाही. का वापरायची नाही, ते लिहिलेलं नव्हतं. हे वाक्य खालच्या पायरीवर, सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंटमध्ये उतरलं तेव्हा 'सेन्सर सेकंदाला १०० वेळा तपासा' हे आलं, 'लागोपाठ दोन वाचनं टेकल्याची आली तर उतरलो असं समजा' हेही आलं. 'आधी आलेलं काही धरू नका' हे मात्र तितक्या स्पष्टपणे आलं नाही. सॉफ्टवेअरने पाय उघडतानाची खोटी खूण जपून ठेवली. साधारण ४० मीटर उंचीवर तिच्याकडे बघण्याची वेळ आली, तेव्हा ती आधीच उमटलेली होती. इंजिनं बंद झाली. यान सेकंदाला साधारण २२ मीटर वेगाने आदळलं असावं, असा मंडळाचा हिशेब आहे. ठरलेला वेग होता सुमारे २.४ मीटर.

टेस्ट झाल्या नव्हत्या असं समजू नकोस. सॉफ्टवेअरच्या टेस्ट सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट्सवरून लिहिल्या गेल्या, म्हणून जे तिथं उतरलंच नाही त्याची टेस्टही नव्हती. अख्ख्या यानावर पाय उघडण्याची चाचणी झाली होती, पण तेव्हा सेन्सरचं वायरिंग चुकीचं होतं. ते दुरुस्त झाल्यावर सेन्सर पुन्हा तपासले, पाय उघडून मात्र पुन्हा पाहिले नाहीत. हे वाचते तेव्हा प्रत्येक वेळी माझ्या पोटात कालवतं. त्या वर्तुळातल्या नंबरामागे कुणी एकदा गेलं असतं, तर वाट तुटलेली दिसली असती.

यातून तुझ्या शीटसाठी मी दोन गोष्टी घेते. तू ४१२ ओळींपासून खाली, टेस्टकडे बघते आहेस. त्या ४१२ ओळी जिथून आल्या, तो वरचा दुवा बघितलास का? मेडिकल डिव्हाइस सॉफ्टवेअरचं आयईसी ६२३०४ हे २००६ सालचं स्टँडर्ड तुमच्या ऑफिसात कुणाकडे तरी असेलच. त्यात सिस्टिमच्या रिक्वायरमेंट्स, सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट्स, सॉफ्टवेअर सिस्टिम टेस्ट आणि सॉफ्टवेअरमध्ये केलेले धोका-नियंत्रणाचे उपाय, अशी सगळी साखळी मागितलेली आहे. तुझी शीट त्या साखळीचे मधले दोनच मणी जोडते. ती पूर्ण हिरवी असूनही वरचं एखादं वाक्य खाली आलंच नाही, असं होऊ शकतं. निदान रिस्क फाइलमधला (धोके आणि त्यांवरचे उपाय जिथं नोंदवतात ती फाइल) प्रत्येक उपाय घे आणि तो ४१२ मध्ये कुठे आहे ते शोध. एक जरी हरवलेला सापडला, तरी तुझे तीन आठवडे सार्थकी लागले.

दुसरी गोष्ट, 'नको' म्हणणारी वाक्यं. 'दार उघडं असताना पंप सुरू होऊ नये', 'डोसची मर्यादा पासवर्डशिवाय ओलांडता येऊ नये', 'अलार्म कायमचा बंद करता येऊ नये.' यांच्या टेस्ट हटकून कमी असतात, कारण आपल्याला एखादी गोष्ट होते हे दाखवायची सवय असते आणि होत नाही हे दाखवायला डोकं लावावं लागतं. तुझ्या ३७ मध्ये अशी किती आहेत ते मोज. बरीच असतील असा माझा अंदाज आहे. आणि अशा प्रत्येक वाक्यापुढे त्यामागचं कारण लिही. कारण माहीत नसेल तर विचार. कारण कागदावर असलं की खालच्या माणसाला ते वाक्य सोडून देववत नाही.

आता तीन आठवड्यांचं. एक ओळ, तिच्या जोडलेल्या टेस्ट उघडून वाचणं आणि तो प्रश्न विचारणं, याला सरासरी दहा मिनिटं धर. ४१२ ओळींचे ४,१२० मिनिटं, म्हणजे ६९ तासांच्या आसपास, म्हणजे जवळपास नऊ दिवस. तुझ्याकडे कामाचे पंधरा दिवस आहेत. हा हिशेब लीडसमोर ठेव, कारण 'वेळ नाही' हे त्यांचं पहिलं उत्तर असणार. बाकीचे सहा दिवस नवीन टेस्ट लिहायला आणि चालवायला. रिग्रेशनमधून, म्हणजे जुन्या टेस्ट पुन्हा चालवण्याच्या कामातून, तुला तेवढे दिवस मोकळं करा म्हणून सांग.

क्रम मात्र एक ते ४१२ असा ठेवू नकोस. आधी ते, ज्यांत चूक झाली तर रोग्याला इजा होईल: डोस, बुडबुडा, नळीतला अडथळा, बॅटरी, अलार्म. स्क्रीनचा रंग, भाषेची निवड शेवटी. तिथं वेळ कमी पडला तर चालेल. पहिल्या गटातले दहा दुवे निवड आणि डेव्हलपरच्या शेजारी बसून सॉफ्टवेअरच्या वेगळ्या प्रतीत (बिल्डमध्ये) ती ती गोष्ट मुद्दाम मोडायला लाव. मग टेस्ट चालव. दहापैकी किती टेस्ट फेल झाल्या, तो आकडा तुला तुमच्या मॅट्रिक्सची खरी किंमत सांगेल. एक दुपार जाते, पण ती दुपार वाचवू नकोस.

३७ पैकी काही रिक्वायरमेंट्स अशाही निघतील ज्या टेस्टने तपासायच्याच नसतात. काही कागद वाचून तपासायच्या असतात, काही हिशेब करून. तिथं टेस्टचा नंबर न घालता 'तपासणी' किंवा 'विश्लेषण' असं लिही आणि तो रिपोर्ट कुठे आहे ते लिही. बऱ्याच जणांना असं लिहिता येतं हेच माहीत नसतं आणि ते उगीच एखादी टेस्ट चिकटवतात. अशांनी तुझा आकडा आपोआप थोडा खाली येईल.

त्या नव्वद अनाथ टेस्टना मात्र घाईने हात लावू नकोस. त्यांत काही दुहेरी असतील, काही बंद झालेल्या फीचरच्या असतील, त्या बाजूला काढता येतील. पण काही अशा असतील ज्या कुणा जुन्या टेस्टरने स्वतःच्या अनुभवाने लिहिल्या. एखाद्या हॉस्पिटलमधून तक्रार आली असेल, बग सुटला असेल, टेस्ट राहिली आणि रिक्वायरमेंट कधीच लिहिली गेली नाही. टेस्टचा नंबर घेऊन जुन्या डिफेक्टच्या नोंदींत शोध. तिथं कारण सापडलं तर टेस्ट काढायची नाही, रिक्वायरमेंट लिहून घ्यायची. या कामात मला सगळ्यांत जास्त समाधान इथंच मिळालं आहे. सोडून गेलेल्या माणसाचं शहाणपण पुन्हा कागदावर येतं.

लीडशी कसं बोलायचं? त्यांना खोटारडे ठरवून तुझं काही साधणार नाही आणि बहुधा ते तसे नसतीलही. त्यांच्यावर वरून दबाव असेल. त्यांना असं सांग: "सर, ऑडिटर सगळी शीट वाचत नाहीत. ते एखादी ओळ निवडतात आणि तिच्या मागे चालत जातात. त्यांना रिकामा रकाना दिसला आणि शेजारी कारण, जबाबदार माणूस, तारीख असली, तर आपण त्यावर बोलू शकतो. त्यांना एक चुकीचा दुवा सापडला, तर ते बाकीच्या सगळ्यांवर संशय घेतील आणि तेव्हा आपल्याकडे उत्तर नसेल." सोबत ३७ ची यादी दे: या इतक्यांच्या टेस्ट या आठवड्यात होतील, या इतक्या पुढच्या, या उरतील आणि त्या उरल्या तरी धोका का कमी आहे ते हे. माणूस अडचण ऐकायला नाराज असतो, सोडवलेली अडचण ऐकायला सहसा नसतो. हे सगळं बोलून झाल्यावर मेलवरही पाठव, साध्या शब्दांत. आणि तरीही त्यांनी 'भरच' असं सांगितलं, तर तू भरू नकोस. क्वालिटीच्या माणसांकडे जा. तुमच्यासारख्या कंपनीत तो विभाग याचसाठी वेगळा ठेवलेला असतो. तुझ्या नावाने जो दुवा लागेल तो तुझा शब्द आहे.

हे मी वरून बोलत नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका विमा क्लेमच्या प्रोजेक्टवर मी स्वतः शंभर टक्के हिरवी मॅट्रिक्स दिली होती आणि तेव्हा तिचा एकही दुवा खोटा नव्हता. पुढे एका रिक्वायरमेंटमधली मुदत ३० दिवसांची ४५ झाली. ओळीचा मजकूर बदलला, नंबर तोच राहिला, दुवा हिरवाच राहिला आणि टेस्ट ३० दिवसच तपासत राहिली. कोडही ३० वरच होतं, म्हणून टेस्ट इमानदारीने पास होत होती. मुदतीत आलेले क्लेम नाकारले गेले. ते लोकांनी फोन करून कळवलं, माझ्या शीटने नाही. त्या दिवसापासून मी रिक्वायरमेंटच्या नंबरासोबत तिची आवृत्ती लिहिते. रिक्वायरमेंट बदलली की तिचे सगळे दुवे आपोआप पिवळे, आणि कुणीतरी टेस्ट पुन्हा वाचल्याशिवाय ते हिरवे होत नाहीत. जिरा, डोर्स, पोलारियन, अशा नोंदी ठेवणारं जे सॉफ्टवेअर तुमच्याकडे असेल त्यात हे कसं बसवायचं ते बघ. एक्सेल असेल तर आवृत्तीचा एक जादा रकाना पुरतो. ऑडिट संपलं की शीट कपाटात जाते आणि पुढच्या ऑडिटला धूळ झटकून बाहेर येते, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे. तुझ्याकडे आहे तोवर ती तशी ठेवू देऊ नकोस. रिलीजच्या प्रत्येक मीटिंगला ती उघडी असू दे.

आणि तुझा दुसरा प्रश्न. नंबरापुढे नंबर लिहिणं हे कारकुनाचं काम आहे आणि त्यात कमीपणा नाही. पण 'हे मोडलं तर हे ओरडेल का' हा प्रश्न ४१२ वेळा विचारणं, त्यासाठी रिक्वायरमेंट समजणं, टेस्ट समजणं, पंप समजणं, हे टेस्टरच करू शकते. हे काम संपेल तेव्हा तुमच्या टीममध्ये अख्खा पंप डोक्यात असलेली बहुधा तू एकटीच असशील.

एक काम आजच कर. घरी गेलीस की आईला विचार, वॉर्डात पंपाचा अलार्म वाजला की ती आधी काय करते. रात्री एकटी असताना कुठला अलार्म तिला नकोसा होतो, कुठला ऐकू आला नाही तर तिला भीती वाटते, आणि अलार्म गप्प केल्यावर तो किती वेळाने परत वाजावा असं तिला वाटतं. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घे. मग उद्या सकाळी ती यादी ४१२ ओळींशेजारी ठेव आणि तिच्यातलं काय कुठल्याच ओळीत नाही ते बघ. ऑडिट झाल्यावर मला कळव, ३७ चे किती राहिले आणि आईच्या यादीतले किती नवीन निघाले.